मिंडाच्या गाडीसाठी जागा

सॅन फ्रान्सिस्को
९ जून

प्रिय डेल्फी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, तर आधीच सांगते, सगळे मजेत आहोत. तू आणि जो दोघं कसे आहात? टर्लॉकला आता ऊन भाजून काढत असेल. इकडे नेहमीचाच जून, म्हणजे स्वेटर आणि धुकं. सकाळपासून समोरच्या घराचा वरचा मजला दिसलेला नाही. नुसता दरवाजा आणि पायऱ्या, बाकी घर कुणीतरी काढून नेल्यासारखं.

तुझा गोड पाव पोचला. ओवेनने अर्धा उभ्या उभ्याच संपवला आणि मग मला विचारलं, "तुला हवा होता का गं?" इनेस गुटगुटीत आहे, मान धरायला लागली. डोळे थेट माईचे आहेत असं ओवेन म्हणतो. माईला त्याने फोटोतच पाहिलंय, तरी ठासून म्हणतो.

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून रुसू नकोस. नेमकी तेव्हाच ती झोपलेली असते. आणि बाळंतपणाला मी तुला नको म्हटलं, तेही मनात ठेवू नकोस. पत्र बरं पडतं. सावकाश लिहिता येतं, खोडताही येतं.

मोठी बातमी म्हणजे इनेसला सांभाळायला आम्ही बाई ठेवली. माझी रजा सप्टेंबरपर्यंत वाढली, पण बाई आधीच ठरली होती, आणि चांगली बाई या शहरात एकदा हातची गेली की पुन्हा मिळत नाही. तेव्हा ती आत्तापासूनच येते. मीही घरातून थोडं काम करते. तिचं नाव लुझविमिंदा, सगळे मिंडा म्हणतात. मूळची फिलिपिन्सची, राहते खाडीपलीकडे व्हॅलेहोला. आपल्या माईच्या शेवटच्या वर्षांतल्या वयाची असेल. बोलायला लागली की थांबत नाही, पण इनेस तिच्या खांद्यावर पडली की दोघी एकदम गप्प होतात.

आता गंमत ऐक. मिंडा येते गाडीने. पूल ओलांडून, पहाटेच्या गर्दीतून. बसने येणं तिला जमण्यासारखं नाही, कारण संध्याकाळी तिला नवऱ्याला घ्यायला जायचं असतं. रेनातोचं डायलिसिस चालू आहे, ते झालं की त्याला एकट्याने घरी जाण्याएवढं बळ नसतं. आणि आमच्या रस्त्यावर परवाना नसलेली गाडी दोन तासांच्या वर ठेवता येत नाही! आमच्या इमारतीच्या वाट्याचे परवाने केव्हाच संपलेत. आमच्या गाडीचा परवाना तिच्या काचेवर चालत नाही. भाड्याची जागा आहे ती पार उताराच्या तळाशी, तिथून चढायचं तर तिचे गुडघे नको म्हणतात. तीनचाकी गाडीतून पार्किंगवाली बाई येते आणि टायरवर खडूची रेघ मारून जाते. दुसऱ्या फेरीला रेघ तिथेच दिसली की दंडाची चिठ्ठी.

त्यातून मिंडाला दोन गाड्यांच्या मध्ये गाडी घालता येत नाही. पहिल्या दिवशी दारातून म्हणाली, "मॅम, लावली गाडी."

ओवेनने खिडकीतून पाहिलं. "लावलेली नाही, सोडून दिलेली आहे."

"सर, चालवणं देवाने शिकवलं. मागे घेणं त्याने शिकवलं नाही."

ओवेन परवान्यासाठी खेटे घालतोय. बंदराच्या ऑफिसात तो अख्खी जहाजं कुठे लावायची ते ठरवतो, आणि एका जुन्या टोयोटासाठी जागा मिळेना म्हणून हैराण आहे. शेवटी मीच म्हटलं, गाडी मी हलवत जाईन. मी घरीच तर असते.

तेव्हा सध्या माझं हे काम. चावी घ्यायची, गाडी काढायची, फिरत फिरत नवी जागा शोधायची. गाडीत सुक्या आंब्याचा वास असतो. मागच्या सीटवर मिंडाचं जाड ब्लँकेट. काचेबाहेर नुसतं पांढरं, आणि खाडीच्या तोंडावरचा जहाजांसाठीचा भोंगा मधूनमधून घुमत राहतो. जागा मिळाली की मी थोडा वेळ तशीच बसते. छान वाटतं.

जोला विचारलं म्हणून सांग.

तुझी मारिसा


सॅन फ्रान्सिस्को
१४ जुलै

प्रिय डेल्फी,

तुझं पत्र आलं. किती प्रश्न विचारतेस! मिंडा दिवसभर असते, मग मी दिवसभर काय करते, जेवते का, झोपते का. जेवते. मिंडा भात आणि आंबट रश्श्याचा मोठा वाडगा समोर ठेवते आणि संपेपर्यंत उभी राहते. झोपेचं म्हणशील तर झोप छान लागते. घरात नाही लागत, गाडीत लागते.

हसू नकोस. हल्ली मी गाडी थोडी लांब नेते, समुद्राच्या बाजूला, जिथे अव्हेन्यू संपत येतात आणि घरांचे रंग खाऱ्या वाऱ्याने उडालेत. गाडी लावते आणि मागच्या सीटवर जाऊन ब्लँकेट ओढून घेते. धुकं काचांना अगदी चिकटून येतं. मग रस्ता नाही, घरं नाहीत, समुद्र नुसता ऐकू येतो. कुणाला माझ्याकडून काही नको असतं. मी अशी झोपते जशी लहानपणी शेताच्या पाण्याच्या पाळीला माईबरोबर रात्रभर जागून मग ट्रकमध्ये झोपायचे.

माई स्वप्नात येते. पुढच्या सीटवर बसलेली असते, माझ्याकडे पाठ करून, मांडीवर वालाच्या शेंगा. सोलत असते. दाणे पडल्याचा आवाज येतो, पण मागे वळत नाही. मी हाक मारत नाही. तिला काम संपवू द्यावं असं वाटतं. जाग आली की थोडा वेळ मला कळत नाही की मी कोणाची मुलगी आहे की कोणाची आई.

असो. शेजारच्या अर्काडीबद्दल तुला सांगितलं नसेल. म्हातारा रशियन आहे, एकटाच असतो, पूर्वी पियानो जुळवून द्यायचा. डोळे अधू झाले म्हणून गाडी विकून टाकली, त्यामुळे त्याच्या घरासमोरचा गाडी लावायचा उतार रिकामाच असतो. तिथे तो कुंड्या ठेवतो. परवा मी मिंडाच्या गाडीत बसत होते, तर काठी आपटत आला.

"शेजारीणबाई, तुम्ही दिवसभर ही गाडी फिरवता. बघून मलाच चक्कर येते. माझ्याकडे लावा. कुंड्या मी सरकवतो."

मी म्हटलं, "नको, नको. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कुंड्यांना. मला काय?"

"तुमच्याकडे कुणी आलं तर?"

"माझ्याकडे?" तो हसला. "माझ्याकडे येणारे सगळे वर गेले. त्यांना पार्किंग लागत नाही."

तरी मी नाहीच म्हटलं. आमची दुसरीकडे सोय होते आहे असं सांगितलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग "बरं" म्हणून गेला. उगाच कुणाचे उपकार कशाला घ्यायचे, नाही का? ओवेनला मी यातलं काही बोलले नाही. तो बिचारा अजून अर्ज करतोय. काल रात्री जेवताना म्हणाला, "आता मी थेट वरच्या साहेबाला भेटणार." मी त्याला आणखी भात वाढला.

इनेस पालथी पडायला लागली. पहिल्यांदा पडली तेव्हा मिंडा ओरडली म्हणे. मी गाडीत होते.

तिकडे बदाम कसे भरलेत?

तुझी मारिसा


सॅन फ्रान्सिस्को
३० ऑगस्ट

प्रिय डेल्फी,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. 'मारिसा, खरं काय ते लिही.' उत्तर द्यायला फार दिवस लावले. आज लिहिते. इनेस शेजारी झोपलीय, मिंडा स्वयंपाकघरात आहे.

मी घरातून काम करत नाही. लॅपटॉप उघडलेलाच नाही. इनेस झाल्यापासून मला बरं नाही, डेल्फी. ती रडली की माझ्या हातापायातलं बळ जायचं. तिला उचलून घेतलं की वाटायचं, हे कुणा दुसरीचं मूल आहे, चुकून माझ्या हातात आलंय, आणि ती दुसरी आता येईल आणि मला रागावेल. मी सगळं करत होते. पाजत होते, न्हाऊ घालत होते, पुसत होते. पण मधे जाड काच असल्यासारखं. ओवेनला वाटायचं, थकलीय. मलाही तसंच वाटायचं. सकाळी मिंडाची बेल वाजली की मला श्वास यायचा, आणि तिची चावी हातात आली की चार पावलं हलकी पडायची. म्हणून तर अर्काडीला नाही म्हटलं. गाडीला जागा मिळाली असती तर मी कुठे गेले असते?

आता एका दिवसाचं सांगते. या महिन्याच्या सुरुवातीची गोष्ट. दुपारी गाडी हलवायला बाहेर पडले. फोन ओट्यावरच राहिला. एक वळसा घेऊन परत आमच्या रस्त्याला लागले, आणि दारासमोरच जागा होती. ऐसपैस. महिन्यातून एखाद्या वेळी मिळते तशी. मी ती पाहिली, आणि पुढे गेले.

कुठे जायचं काही ठरवलं नव्हतं. समुद्र आला तशी डावीकडे वळले आणि किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला जात राहिले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पांढरं. दोन्ही मला सारखीच वाटत होती. मी घाबरलेली नव्हते, दुःखीही नव्हते, एवढं खरंच सांगते. फार शांत होते. मनात येत होतं, घरी मिंडा आहे, बाटलीत दूध आहे, संध्याकाळी ओवेन येईल. त्या घरात कशाचीच कमी नाही. माझ्यावाचून काही अडलेलं नाही. मग रस्ता आहे तोवर जाऊ.

आर्टिचोकची शेतं लागली तिथे एका किनाऱ्याशी थांबले. मागे जाऊन झोपले. त्या दिवशी माई आली नाही. काहीच आलं नाही. इतकी गाढ झोप मला इनेस पोटात आल्यापासून लागली नव्हती.

जाग आली ती ओलीमुळे. छातीवरचा शर्ट भिजून गार पडला होता. दूध आलं होतं, तिच्या भुकेच्या वेळेला, तिच्यावाचूनच. मी उठून बसले आणि मोठ्याने म्हटलं, "तिला भूक लागलीय." गाडीत दुसरं कुणी नव्हतं. धुकं वर सरकलं होतं आणि खालून तिरपं ऊन येत होतं. पुढच्या सीटवर जायला वळले तर पायाशी रेनातोची काठी लागली, आणि तेव्हा मला आठवलं की आज त्याचा डायलिसिसचा दिवस.

परत येताना सगळं शहर घरी निघालं होतं. काच खाली करून मी पुढच्या गाड्यांना विनवण्या करत होते. कुणाला ऐकू जाणार!

पोचले तर तिघंही बाहेर. ओवेन ऑफिसच्या कपड्यात, चेहरा पांढराफटक. अर्काडी पायजम्यावर कोट चढवून. आणि दारात मिंडा, कडेवर इनेस. मी इनेसला घ्यायला हात पुढे केले. मिंडाने तिला ओवेनकडे दिलं आणि माझ्यापुढे तळवा धरला.

"चावी."

मी दिली. "मिंडा, मला—"

"आता नको, मॅम. आता मला व्हॅलेहोला जायचंय." आणि ती गेली. निघताना मागची गाडी ठोकता ठोकता राहिली.

अर्काडी ओवेनला म्हणाला, "मी गेल्या महिन्यात हिला सांगितलं होतं, माझ्याकडे लावा. नाही म्हणाली. मग मी बघत होतो. ही त्या गाडीत झोपते. मला वाटलं, गाडीला जागा पाहिजे त्याहून हिला गाडी जास्त पाहिजे. म्हणून पुन्हा विचारलं नाही. माझं चुकलं का?"

ओवेन माझ्याकडे वळला. "ही जागा मिळत होती? मारिसा, मी सगळी ऑफिसं पालथी घातली. मी त्या साहेबाच्या बायकोच्या तब्येतीची चौकशीसुद्धा केली!"

मला हसू आलं. हसता हसता ते कधी रडणं झालं कळलंच नाही. मी तिथेच पायरीवर बसले. इनेस भुकेने किंचाळत होती. ओवेनने तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि मी रस्त्यावरच, सगळ्यांसमोर तिला पाजलं. अर्काडीने तोंड फिरवलं आणि कुंड्या सरकवायला लागला.

नंतर आत आल्यावर ओवेनने विचारलं, "कुठे जात होतीस?"

"झोपायला."

"मग मला सांगायचं ना."

"काय सांगू? मला लोकांच्या गाडीत झोप लागते म्हणून?"

"हो! तेच सांगायचं. तेवढंच." मग म्हणाला, "मी तुझी झोप सोडून बाकी सगळ्याची सोय करत बसलो."

रेनातोचं काय झालं ते तुला सांगायलाच हवं. तो डायलिसिसच्या केंद्राबाहेरच्या बाकावर बसून राहिला. काठी गाडीत राहिलेली, फोन नाही. मिंडाने आपल्या पोरीला पाठवायचा प्रयत्न केला, ती कामावर होती. बसल्या जागी त्याला घेरी आली. तिथल्या एका नर्सने त्याला आत नेलं आणि नंतर घरी सोडलं. तो सावरला. पण नसता सावरला तर, हा विचार माझ्याकडे अजून रोज येतो. येऊ दे.

मिंडा दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. ओवेन घरी राहिला. आता ती येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मग एका सकाळी बाहेरून रशियन भाषेत आरडाओरडा ऐकू आला. बघते तर अर्काडी खिडकीतून काठी हलवतोय आणि मिंडाची गाडी त्याच्या उतारावर पार तिरकी चढलीय, एक चाक कुंडीला टेकलेलं.

ती आत आली. चपला काढायच्या आधीच बोलायला लागली.

"मॅम, मला राग आहे. अजून आहे. रेनातो म्हणतो जाऊ दे. तो असाच आहे, त्याला डॉक्टरने मारलं तरी जाऊ दे म्हणेल. मी नाही म्हणणार. तुम्ही माझी गाडी नेली. सांगितलं नाही."

"हो."

"पुन्हा माझ्या चावीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"झालं बोलून." तिने चपला काढल्या. "आता बाळाला घ्या. मला कॉफी प्यायचीय. निवांत. दोन कप."

आणि खरंच ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. इनेस रडली तरी उठली नाही. मी तिला घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. हातातलं बळ गेलं तेव्हा खाली बसले, पण तिला सोडलं नाही. आतून मिंडा विचारायची, "आहात ना, मॅम?" मी म्हणायचे, "आहे."

ओवेनने डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. बाळंतपणानंतर असं होतं, याला नाव आहे, औषध आहे, आणि यात माझा गुन्हा नाही, असं म्हणाल्या. गोळ्या घेते. आठवड्यातून एकदा माझ्यासारख्याच बायकांमध्ये जाऊन बसते. एक जण म्हणाली, ती तासन् तास शॉवरखाली उभी राहायची. दुसरी सुपरमार्केटात भाज्यांच्या रांगेत. मी म्हटलं, गाडीत. कुणी हसलं नाही.

रात्री ओवेन बाटलीने पाजतो आणि मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपते. झोप येते. तशी नाही, पण येते. दिवसा धुकं दाट उतरतं तेव्हा खिडकीतून मिंडाची करडी गाडी बघून अजून जीव ओढतो. हे मी ओवेनलाही सांगितलंय. तो म्हणाला, "सांगत राहा."

डेल्फी, बाळंतपणाला तुला नको म्हटलं, कारण दारात पाऊल टाकताच तू मला ओळखलं असतंस. फोनही त्याच भीतीने उचलत नव्हते. माझा नुसता 'हॅलो' तुला पुरला असता. आता ओळख. तुमचा बदामाचा हंगाम उरकला की ये आणि राहा थोडे दिवस. बाळाला कसं धरायचं ते मला शिकवू नकोस, ते येतं. माझ्याजवळ नुसती बस. आणि मी 'बरी आहे' म्हटलं तर लगेच विश्वास ठेवू नकोस.

इनेस आता खळखळून हसते. कुणालाही बघून हसते. पोस्टमनला, अर्काडीच्या टोपीला, मिंडाच्या शिंकेला. काल दुपारी मी तिच्यासमोर कपड्यांच्या घड्या करत बसले होते, तर एकदम माझ्या दिशेने बघून हसली. मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

मागे कुणीच नव्हतं, डेल्फी.

तुझी, अजून बरी होत असलेली,
मारिसा